छत्तीस गुंठ्यांची पार्टी

तारीख ११ फेब्रुवारी १९९४, शुक्रवार. जागा माझ्या बायकोचे माहेर. रक्कम रुपये एक लाख एक हजार, शंभराच्या दहा गड्ड्या आणि वर सुटे हजार. हजर माणसे: माझे दोन मेहुणे, जमिनीचा एजंट, एजंटने आणलेली पार्टी, पार्टीचा ड्रायव्हर, नात्यातले आणि गावातले पंधरा-वीस पुरुष, आणि मी. चुलीपाशी माझी बायको, तिच्या दोन्ही भावजया आणि तिची थोरली बहीण. बायका हजर होत्या असे त्या दिवशी कोणी धरले नव्हते. मी धरतो, कारण पुढे सगळे तिथेच अडले.

रक्कम इसाराची होती, म्हणजे जमीन विकायचे ठरले की आधी हातावर ठेवतात ती. जमीन माझ्या सासऱ्यांची, भिवंडीजवळ वळ गावाच्या पलीकडे, घराला आणि रस्त्याला लागून छत्तीस गुंठे. भाव गुंठ्याला दहा हजार, एकूण तीन लाख साठ हजार. सासरे वारले तेव्हा सातबाऱ्यावर चार वारस लागले, दोन भाऊ आणि दोन बहिणी. चार वाटे केले तर प्रत्येकी नव्वद हजार होतात. हे गणित मी मनात कधीच करून ठेवले होते. मला सवय आहे. मी भिवंडीत एका लूमवर मेहता होतो, म्हणजे हिशेब लिहिणारा. म्हणूनच पैसे मोजायला मला बसवले.

मोजून झाल्यावर मी थोरल्या मेहुण्यांना हळूच सांगितले की खरेदीखताला दोन्ही बहिणींच्या सह्या लागतील. ते म्हणाले, "लागतील तेवा व्हतील, दाजी. आज पार्टी आलीय, आज हे काढू नका."

त्या दिवशी पार्टी हा शब्द मी किती वेळा ऐकला ते मोजले नाही. आलेल्या माणसाला नाव होते. एजंटला ते माहीत होते, मेहुण्यांना बहुधा नव्हते. पार्टीला खुर्ची द्या, पार्टीला फिल्टरचं पाणी पायजे, पार्टी तिखट खात नाही. आणि दुपारी जे जेवण झाले तीही पार्टीच. दोन बोकड कापले होते. म्हणजे पार्टी आली, पार्टी झाली, पार्टी जेवली. यात कोण माणूस आणि कोणते मटण हे नुसते ऐकून कळायची सोय नव्हती, आणि त्या वासात मला फार फरकही वाटत नव्हता.

या शब्दाशी माझी ओळख जुनी. १९८० साली मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी शेठने विचारले, "पार्टीचं खातं लिवता येतं काय?" मला वाटले निवडणुकीचे काही असेल. मी सांगितले की मी कोणत्याच पार्टीचा नाही. शेठ बराच वेळ हसला. तो इथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातला, आमच्यासारखीच मराठी बोलणारा, मनाने चांगला. त्याने समजावून सांगितले. लूम आपले, पण सूत आपले नसते. मुंबईचा व्यापारी सूत देतो, आपण कापड विणून त्याचे त्याला देतो, मीटरमागे मजुरी मिळते. तो व्यापारी म्हणजे पार्टी. पार्टीचा माल, पार्टीचा चेक, पार्टीचा फोन. सहा वर्षे मी ज्याच्या नावाचे पान लिहिले त्याच्याशी मी एकदाही समोरासमोर बोललो नव्हतो.

मग १९८६ साली ती पार्टी उठली. उठली म्हणजे पळाली. चार महिन्यांची मजुरी बुडाली. शेठने मला मुंबईला पाठवले. पेढीला कुलूप होते आणि जिन्यात दहा-बारा गावचे मेहता माझ्यासारखेच पिशव्या धरून बसले होते. परत येऊन मी शेठला सांगितले की पार्टी सापडली नाही. तो म्हणाला, "मेहता, देतो तवर तो पार्टी. पळाला का मग त्याला नाव येतं, बापाचं पन येतं." आणि त्याने खरोखरच ते नाव बापासकट घेतले.

तेव्हापासून हा शब्द माझ्या कानाला टोचू लागला. लग्नाला बँडची पार्टी यायची, देवळात भजनाची पार्टी, उरुसाला कव्वालांची. इथपर्यंत ठीक होते, ही माणसे निदान काहीतरी वाजवत किंवा गात होती. पण एकदा मी मुलाला ताप आला म्हणून दवाखान्यात नेले, तेव्हा कंपाउंडर पडद्याआड डॉक्टरला सांगत होता की पार्टी नोकरीवाली आहे. मी समोरच्या बाकावर होतो. ती पार्टी म्हणजे मी, आणि माझ्या मांडीवरचा तापलेला मुलगा हा त्या पार्टीचा माल. इंजेक्शनाचे पंचवीस रुपये घेतले. शेजारच्या लूम कामगाराकडून त्याच इंजेक्शनाचे पंधरा. आता हा न्याय म्हणायचा तर म्हणा, पण मला पडद्याआडच्या त्या बोलण्याची किळस आली.

बायको एकदा सांगत होती की आमचे लग्न ठरताना तिच्या घरीही पार्टी कशी आहे असेच विचारले गेले. मध्यस्थ म्हणाला होता, पार्टी गरीब आहे पण पगार वेळेवर आहे. ती हे हसत हसत सांगायची. मी हसलो नाही.

नव्वदच्या सुमारास हा शब्द भिवंडीतून निघाला आणि रस्त्याने गावोगाव गेला. पूर्णा, वळ, त्यापुढची गावे. मुंबईतल्या व्यापाऱ्यांना माल ठेवायला जागा हवी होती आणि भातशेतीत पत्र्याची गोडाऊने उभी राहू लागली. शेताच्या बांधावर भेटलेली माणसे पाऊसपाण्याऐवजी विचारू लागली, तुमच्याकडे पार्टी आली का? ज्याच्याकडे आली नाही तो कमीपणा मानायचा. गोडाऊनसाठी भराव टाकला की शेजारच्या शेताचे पाणी अडायचे, भात कुजायचे, आणि मग त्या शेजाऱ्यालाही पार्टी बघावी लागायची.

माझ्या बायकोच्या माहेरच्या जमिनीच्या दोन्ही बाजू १९९३ पर्यंत भरून झाल्या होत्या. ती जमीन कसत होती थोरली बहीण. तिला घरात सगळे बाय म्हणत, मीही बायच म्हणतो. ती लग्नानंतर सहा वर्षांनी विधवा झाली, मूलबाळ नव्हते, सासरच्यांनी ठेवले नाही. १९८३ पासून ती माहेरी होती, घराच्या टोकाच्या खोलीत. थोरला मेहुणा टेम्पो चालवायचा, धाकटा भिवंडीत सुताला खळ लावायच्या सायझिंगमध्ये होता. दोघांपैकी कोणी नांगराला हात लावत नसे. पावसाळ्यात भात आणि नंतर चवळी, वाल, मेथी, मुळा हे सारे बायचे. पहाटे टोपली घेऊन एसटीने भिवंडीला यायची, बाजारात बसायची, परत जाताना कधी आमच्याकडे मुळ्याची जुडी टाकून जायची. पैशाला पक्की होती. मला एकदा म्हणाली होती, "दाजी, तुमी कापडाचा मीटर मोजता, मी जुडी मोजते. मोजनं सारखंच."

जमीन विकायला तिचा विरोध नव्हता. दोन्हीकडून भराव पडल्यावर त्या वर्षी भात गेलेच होते. पण तिला कोणी विचारले नव्हते. जमीन गेली की भाजी गेली, आणि आलेल्या पैशात मेहुणे जुने घर पाडून दोन मजले बांधणार होते. त्या बांधकामात टोकाची खोली कुठे जाणार हे तिने विचारले तेव्हा धाकटा म्हणाला होता की बघू, मागच्या पडवीत करू काहीतरी. बाय तेव्हा बेचाळीस वर्षांची होती.

तर इसाराचा तो दिवस. पार्टी पांढऱ्या गाडीतून आली, मागून एजंटची जीप. एजंटने विचारले, पार्टीची गाडी कुठे लावू? अंगणात मांडव होता. थोरले मेहुणे म्हणाले, "लावा ना शेतात. आता पार्टीचंच हाय." गाडी आणि जीप दोन्ही बायच्या चवळीवर चढवली. चवळी फुलावर होती. बाय चुलीपासून उठून दारात आली, बघितले, आणि परत आत गेली.

पार्टीने दोन घास खाल्ले आणि हात धुतला. एजंटने मात्र भरपूर खाल्ले, आणि पिण्याच्या पाण्याच्या हंड्यात तांब्या बुडवून त्याच तांब्याने उष्टे हात धुतले. गावातल्या मंडळींना गोठ्यामागे दारूची सोय होती. थोरले मेहुणे, ज्यांनी सासऱ्यांच्या आजारपणात त्यांचे पाय एकदाही चेपल्याचे मी बघितले नाही, ते पार्टीच्या पाया पडले. पार्टी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असेल. हाडे कुत्र्यांनी शेतभर ओढून नेली. निघताना गाडीची चाके चवळीत फसली तेव्हा दहा जणांनी हसत हसत ढकलली आणि ढकलताना उरलेली चवळीही तुडवली. मी बायकोला म्हणालो की आपण निघू. ती म्हणाली, अजून बायका जेवायच्या आहेत. मी रस्त्यावर जाऊन एसटीच्या थांब्यावर बसलो.

पंधरा दिवसांनी धाकटे मेहुणे आमच्या घरी आले, साडीचा पुडा घेऊन. बायकोला म्हणाले की हक्कसोड करायची आहे, म्हणजे बहिणींनी भावांसाठी आपला वाटा सोडायचा, दोन्ही बहिणींनी, मग खरेदी सोपी जाते. आमच्याकडे ही रीतच आहे. बहीण सही करते, भाऊ साडीचोळी करतो आणि माहेरचे दार उघडे राहते. बायकोने माझ्याकडे बघितले. मी म्हणालो, तुझ्या बापाची जमीन आहे, तू ठरव. तिने धाकट्याला विचारले, बाय करते का सही? तेव्हा त्याने पुडा खाली ठेवला आणि खरे सांगितले. बायने नाही म्हटले होते. तिला तिचा चौथा वाटा रोख हवा होता, नव्वद हजार, त्याशिवाय अंगठा नाही.

भावांची अडचण मोठी होती. इसाराच्या कागदात लिहिले होते की विकणारे मागे फिरले तर इसाराच्या दुप्पट परत द्यायचे. दोन लाख दोन हजार. आणि इसार खर्च झाला होता. थोरल्याने त्यातून दुसरा टेम्पो घेतला होता. एजंट दर दोन दिवसांनी येऊन सांगे की पार्टीला मार्चएंडच्या आत कागद पाहिजे, पार्टी नाराज आहे, पार्टी कोर्टात जाईल.

म्हणून मेहुण्यांनी गावकी बसवली. देवळाच्या ओट्यावर, रविवारी दुपारी. त्यांचा मुद्दा साधा होता. आमच्या गावात इसाराचे जेवण असते. पूर्वी बैल विकला, झाड विकले तरी इसार दिला की गूळ-खोबरे खायचे, आणि ज्याने खाल्ले त्याची त्या व्यवहाराला संमती. मग पुढे त्याने मोडता घालायचा नाही. घातला तर त्याच्याकडे लग्नामयताला कोणी उभे राहत नाही. आता गूळ-खोबऱ्याच्या जागी बोकड आला होता, आणि जेवणाला पार्टी म्हणू लागले होते, पण नियम तोच. बाय पार्टीला होती. तेव्हा तिने आता अडवायचे नाही.

मला जावई म्हणून बोलावले होते. बायकोही आली होती, तिचेही सातबाऱ्यावर नाव होते म्हणून. मी आधीच सांगितले की जेवल्याने हक्क जात नाही, असे कोणत्याही कायद्यात नाही. थोरले म्हणाले, "दाजी, कायदा भिवंडीत ठेवा. आमाला गावात ऱ्हायचंय." ओट्यावरचे लोक हसले. पण त्यात खोटे नव्हते. गावात राहायचे होते ते बायलाही. तिचे प्रेत उचलायची वेळ आली असती तर कायदा चार खांदे देणार नव्हता.

ओट्याच्या मध्यभागी सासऱ्यांचे चुलतभाऊ बसले होते, सत्तरीचे, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांचे म्हणणे गावात मोडत नसत. बाय ओट्यावर चढली नाही, खाली खांबापाशी उभी राहिली.

थोरल्याने विचारले, "बाय, तू पार्टीला व्हतीस का न्हाय?"

"व्हते. चुलीपाशी."

"मग जेवलीस."

"कोनी बगितलं?"

थोरल्याने आजूबाजूला बघितले. त्या दिवशी जेवलेले पुरुष बहुतेक सगळे तिथे होते. बायका जेवल्या तेव्हा पुरुषांचे हात धुऊन झाले होते, कोण गोठ्यामागे होते, कोण गाडी ढकलत होते, मी थांब्यावर होतो. बायका मागून जेवतात हे प्रत्येकाला माहीत होते. जेवताना बघितलेला एकही पुरुष त्या ओट्यावर नव्हता. मला वाटते त्या गावात कोणत्याच पुरुषाने ते कधी बघितले नसेल.

मागून एक जण म्हणाला, "रांधनारी उपाशी ऱ्हाते व्हय? निदान मीठ तरी चाखलं असंल. चाखलं म्हंजे जेवलीच." पुन्हा हसणे.

बाय त्याच्याकडे वळली. "तुजे पोराच्या हळदीला कोनी रांधलं? मीच ना? मीठ कमी पडलं का?"

"न्हाय."

"आन् या पार्टीला?"

दुसराच कोणीतरी, कदाचित नकळत, म्हणाला की पार्टीला मीठ कमी होते खरे, मटण अळणी लागत होते. ते मलाही आठवले. मिठाची वाटी पंगतीत तीनदा फिरली होती आणि धाकट्याने आत बघून ओरडून मीठ मागवले होते. ओट्यावर कुजबूज झाली, म्हणजे बायने त्या दिवशी मीठसुद्धा चाखले नव्हते. थोरले चिडून म्हणाले की मिठावरून का कोणी जेवले-न जेवले ठरवतात.

काकांनी त्यांना थांबवले आणि माझ्या बायकोला विचारले. "पोरी, तू आत व्हतीस. तू सांग."

बायकोचे मी सांगतो. ती भांडणाला भिणारी. भावांनी दार लावले तर आपले माहेर संपले, ही भीती तिने लग्नापासून धरली होती. सणाला भाऊ न्यायला आला नाही तर ती दोन दिवस जेवायची नाही. तिने थोरल्याकडे बघितले, मग धाकट्याकडे. धाकटा मान हलवत होता, नको म्हणून. ती इतकी हळू बोलली की काकांनी दोनदा विचारले.

ती म्हणाली, "मी तिला वाडलं. ती बोलली, मना कोनी इचारलं न्हाय, मी कशाला जेवू. ताट तसंच ऱ्हायलं. मी उचलून म्हशीपुढं भात टाकला, मटन कुत्र्याला."

काका म्हणाले, "जेवली न्हाय म्हंजे हो बोलली न्हाय. उठा आता."

एवढेच. मला वाटले होते की भाऊ भांडतील. ते भांडले नाहीत, उठून निघून गेले, आणि जाताना थोरला माझ्या बायकोच्या जवळून गेला तेव्हा तो खाली थुंकला. तिच्यावर नाही, बाजूला. पण थुंकला.

चार दिवसांनी धाकटा पुन्हा आला. या वेळी पुडा नव्हता, हिशेब होता, तोंडी. बायचा वाटा नव्वद हजार मान्य. त्यातून पार्टीचा खर्च, दोन बोकड, दारू, तांदूळ आणि मांडव मिळून नऊ हजार चारशे, त्याचा चौथा हिस्सा दोन हजार तीनशे पन्नास. एजंटची दलाली दोन टक्के, तिचा हिस्सा अठराशे. तलाठी, नकला, स्टॅम्प, वकील यांचा तिचा हिस्सा बाराशे पन्नास. आणि अकरा वर्षे तिला घरात जेवू घातले त्याचे महिन्याला तीनशेप्रमाणे एकोणचाळीस हजार सहाशे.

मी मनात बेरीज केली. पंचेचाळीस हजार. बरोबर पंचेचाळीस, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. खऱ्या खर्चाची बेरीज कधी इतकी गुळगुळीत येत नाही. आधी तिला निम्मे द्यायचे ठरवले आणि मग त्यात बसतील अशा रकमा भरल्या. मी चौदा वर्षे कापडाच्या पार्ट्यांचे असले हिशेब बघत आलो होतो. डॅमेज म्हणून कापायचे ठरले की डॅमेज सापडतेच. पण सख्ख्या बहिणीच्या पानात वाढलेल्या भाताला महिन्याला तीनशे रुपये लावलेले मी पहिल्यांदाच ऐकले. तो भात तिनेच पिकवला होता.

मी त्याला विचारले की या अकरा वर्षांत तिने शेतात केलेल्या मजुरीचा दर काय धरला? तो म्हणाला, घरच्या माणसाची मजुरी कोण धरतं, दाजी? मी म्हणालो, मग घरच्या माणसाचं जेवण कसं धरलं?

तो म्हणाला, "आता ती घरची कुठं ऱ्हायली. आता ती पन एक पार्टीच."

त्याने हे रागाने म्हटले नव्हते. एजंटबरोबर दोन महिने फिरून त्याला ते सरळच वाटत होते. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला पार्टी, आणि बहीण दुसऱ्या बाजूला गेली एवढेच. माझ्या घरात, माझ्या चटईवर बसून, माझ्या बायकोने केलेला चहा पीत तो हे बोलला. मी कप त्याच्या हातातून काढून घेतला नाही, पण दुसरा विचारलाही नाही. मी सांगितले की जेवणाची रक्कम मी हिशेबात धरणार नाही, आणि इसाराच्या पार्टीची रक्कम धरता येणार नाही, कारण ती जेवली नाही हे गावकीत ठरले आहे. बाकीचे खर्च खरे असतील तर पावत्या दाखवा.

पावत्या त्याने दाखवल्या. तेवढ्यापुरता तो प्रामाणिक निघाला. मी बायला निरोप दिला. तिने दलाली आणि कागदाचा खर्च मान्य केला, एकही शब्द न वाढवता. आणि एक गोष्ट विचारली, रोख देणार का चेक. मी म्हणालो चेक चांगला, तर ती म्हणाली, "चेक पार्टीचा आसतो. मना नोटा पायजेत."

खरेदीखत ३० मार्च १९९४ ला झाले, बुधवारी, रजिस्टर ऑफिसात. मार्चएंडची गर्दी होती. व्हरांड्यात पंचवीस-तीस माणसे घामाने भिजलेली, पान थुंकून कोपरे लाल झालेले, आणि सगळीकडून एजंट ओरडत होते, अमुक पार्टी आली का, तमुक पार्टीला आत पाठवा. कागद मी वाचायला घेतला. त्यात जमिनीची किंमत एक लाख ऐंशी हजार लिहिली होती, म्हणजे खऱ्या किमतीच्या निम्मी, स्टॅम्प वाचवायला. मी विचारले तर एजंट म्हणाला, सगळ्या पार्ट्या असंच करतात. संपूर्ण कागदात पार्टी हा शब्द मात्र कुठे नव्हता. लिहून घेणार आणि लिहून देणार, आणि खाली चौघांची पूर्ण नावे, वय, धंदा, राहणार. बायच्या नावापुढे धंदा शेती लिहिले होते. भावांच्या नावापुढेही शेतीच लिहिले होते.

बाय अंगठा देणाऱ्यातली नव्हती. चौथीपर्यंत शिकली होती. तिने सही केली, पण पैसे हातात आल्यावर. थोरले तिच्या हातात द्यायला तयार नव्हते. त्यांनी पिशवी एजंटच्या जीपच्या बॉनेटवर टाकली आणि तोंड फिरवून उभे राहिले. तिने पिशवी उघडून बॉनेटवरच नोटा मोजल्या, जुड्या मोजते तशा, बोटाला थुंकी न लावता. मी मोजायला पुढे झालो तर म्हणाली, ऱ्हाऊ द्या दाजी, तुमी नुसते उभे ऱ्हा. लोक बघत होते. थोरल्याने एकदाही मागे बघितले नाही. बायको तिच्या शेजारी उभी होती, तिचा पदर धरून, लहान मुलीसारखी.

बायकोने स्वतःचे नव्वद हजार मागितले नाहीत. मी तिला आदल्या रात्री एकदाच विचारले. ती म्हणाली, मी बोलले तेवढं पुरे, आता पैसेपन घेतले तर मना कोनी दार उघडायचं न्हाय. मला राग आला. पण तो तिचा वाटा होता, माझा नव्हता. गावकीत ती बोलली होती ती काय देऊन बोलली हे मला माहीत होते.

बाय त्याच आठवड्यात आमच्या चाळीत आली. शेवटचे घर रिकामे होते, एक खोली आणि मोरी. मालकाशी बोलणे मी केले, पैसे तिने दिले. पुढे ती घाऊक बाजारातून भाजी घेऊन विकू लागली. तिच्या माहेरच्या घरावर दोन मजले चढले आणि जमिनीवर पत्र्याचे गोडाऊन. त्यात बूट ठेवतात की औषधे, मला कधी कळले नाही.

शेवटी दिले गेले ते असे. पार्टीकडून मेहुण्यांना खरेदीच्या दिवशी दोन लाख एकोणसाठ हजार, आधीचा इसार धरून तीन लाख साठ हजार. एजंटला सात हजार दोनशे. बायला, मेहुण्यांकडून, रोख शहाऐंशी हजार नऊशे पन्नास. त्यातले पंचावन्न हजार चाळीच्या मालकाला, खोलीच्या पागडीचे. माझ्या बायकोला एक साडी, धाकट्याच्या हातून, ऑफिसच्या पायऱ्यांवर.